आईचे गुडघे, बाबांचे किल्ले आणि सान हुआनचा समुद्र

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझे आई-बाबा एप्रिलमध्ये पुण्याहून सहा महिन्यांसाठी येत आहेत. ऑगस्टच्या शेवटी त्यांच्या लग्नाला ४० वर्षं पूर्ण होतील. दोघांनी जन्मभर काटकसर केली. कोकणात गेले तरी नातेवाइकांकडेच उतरले. एकदा तरी त्यांना समुद्रकाठच्या खऱ्याखुऱ्या आलिशान हॉटेलात न्यायचं आहे. भाऊ म्हणतो मेक्सिकोला कानकुनला जा, पण आमचे एच-वन-बीचे व्हिसाचे शिक्के संपलेत, त्यामुळे देशाबाहेर पडायची भीती वाटते. एक मैत्रीण पोर्तो रिकोचं सान हुआन सुचवते आहे. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, किल्ले हा त्यांचा जीव की प्राण. आई शाकाहारी आणि तिचे गुडघे दुखतात. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला फक्त पाण्यात डुंबायचंय. राहायचं जुन्या शहरात की बीचवर? ऑगस्टमध्येच जावं का? आणि बाबांना खर्चाचा खरा आकडा सांगावा का?
— एक लेक, न्यू जर्सी

उत्तर : मैत्रिणीचं ऐका, सान हुआनला जा. पाचशे वर्षांचं तटबंदीचं शहर आणि पोहण्याजोगा समुद्र एकमेकांपासून टॅक्सीच्या अंतरावर, आणि तेही अमेरिकेच्या हद्दीत, असं दुसरं ठिकाण तुमच्या घरासाठी मला सुचत नाही.

आधी कागदपत्रांची भीती घालवू. पोर्तो रिको हे कॅरिबियनमधलं बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश आहे. नेवार्कहून सान हुआनला जाणारं विमान हे देशांतर्गत विमान, साधारण चार तासांचं. तिथे गेल्याने तुम्ही अमेरिका सोडली असं होत नाही, त्यामुळे संपलेल्या शिक्क्याचा प्रश्न येत नाही. तुमचं एच-वन-बीचं स्टेटस आणि आई-बाबांच्या आय-९४ वरची (अमेरिकेत शिरताना होणाऱ्या नोंदीवरची) मुदत चालू असली की झालं. तरीही सगळ्यांचे मूळ पासपोर्ट, तुमचं मंजुरीपत्र आणि आय-९४ च्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, कारण विमानतळावर कुणी विचारलंच तर आई-बाबांना गोंधळायला नको. विमान थेटच घ्या. स्वस्त पडतं म्हणून डॉमिनिकन रिपब्लिकमार्गे जाणारं तिकीट काढू नका आणि सान हुआनला पोचल्यावर शेजारच्या ब्रिटिश बेटांवर नेणाऱ्या बोटीच्या मोहात पडू नका. तिथे पाऊल ठेवलं की तुम्ही देशाबाहेर गेलात. आई-बाबांचा जो आरोग्य विमा काढलाय त्यात पोर्तो रिको धरलं आहे का, हेही कंपनीला आधीच विचारून घ्या.

आता ऑगस्ट. नका जाऊ. अटलांटिकचा वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि त्यातला सगळ्यात धोक्याचा काळ ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. मारिया वादळ पोर्तो रिकोवर धडकलं ते २० सप्टेंबर २०१७ ला, आणि त्यानंतर बेटाच्या कित्येक भागांत महिनोन्‌महिने वीज नव्हती. हॉटेलं ऑगस्टमध्ये स्वस्त मिळतात ती याचसाठी. दर वर्षी वादळ येतंच असं नाही, पण सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन हवामानखात्याच्या नकाशाकडे बघत बसायची ही सहल नव्हे. नाताळ ते एप्रिलच्या मध्यापर्यंत दर कडाडलेले असतात, शिवाय हिवाळ्यात उत्तर किनाऱ्यावर अटलांटिकच्या मोठ्या लाटा येतात. मेचा पहिला पंधरवडा तुम्हाला योग्य. दुपारी एखादी सर येईल, येऊन जाईल. मुलाची शाळा पाच-सहा दिवस बुडेल, बुडू दे. लग्नाच्या वाढदिवसाचा केक ऑगस्टमध्ये घरी कापा.

राहायचं कुठे, हा तुमचा खरा प्रश्न आणि त्याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. लोक अशा वेळी हॉटेलांचे फोटो बघतात. तुम्ही फोटो बाजूला ठेवा आणि आईचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा : सकाळी ती चहा कुठे घेईल, दमली की खोलीवर किती पावलांत पोचेल, समुद्रात पाय बुडवायला तिला किती पायऱ्या उतराव्या लागतील. तुमची सगळी चैन या तीन उत्तरांत आहे.

जुनं सान हुआन एका छोट्या बेटावर वसलंय, पुलांनी बाकीच्या शहराला जोडलेलं. १५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी आपली आधीची वस्ती उचलून इथे आणली. रस्ते अरुंद, घरं पिवळी-निळी-गुलाबी, लाकडी सज्जे बाहेर आलेले, आणि रस्त्यांवर निळसर चकाकीचे दगड, जे खरं तर दगड नाहीत. लोखंडाच्या भट्टीतल्या मळीच्या ओतीव विटा आहेत. दिसायला देखण्या, पण पाऊस पडला की निसरड्या आणि मुळातच उंचसखल. आईला सपाट, पकड असलेले बूट घ्या, चपला-सँडल नकोत. शिवाय गल्ल्या बंदराकडून किल्ल्याच्या बाजूला चढत जातात. सकाळी टॅक्सीने वर जायचं आणि रमतगमत खाली उतरायचं, एवढं ठरवलंत तरी तिचे गुडघे दुवा देतील.

या जुन्या शहरात बीच नाही. वेबसाइटवर तटबंदी आणि निळा समुद्र एकाच चौकटीत दिसतो म्हणून बऱ्याच जणांची समजूत होते की हॉटेलातून निघून पाण्यात शिरता येईल. तिथे भिंतीखाली खडक आहेत. कोंदादो हा पलीकडचा उंच हॉटेलांचा भाग. १९१९ मध्ये उघडलेलं कोंदादो व्हँडरबिल्ट तिथेच आहे, आणि वैभव म्हणाल तर त्याच्या तोडीस तोड कमीच. पण कोंदादोच्या उघड्या समुद्राला ओढ फार. समुद्र खिडकीतून दिसणं आणि समुद्रात उतरता येणं यांतला फरक हॉटेलाला फोन करून स्पष्ट विचारा : ‘तुमच्या समोरच्या पाण्यात नऊ वर्षांचं मूल पोहू शकतं का?’ उत्तर गोलमोल आलं की समजून जा. इस्ला वेर्दे हा विमानतळाच्या बाजूचा किनारा रुंद वाळूचा आणि पोहायला त्या मानाने बरा. विमानांचा आवाज मात्र येतो, तो गृहीत धरा.

म्हणून माझा सल्ला असा : सहल दोन भागांत तोडा. सोमवारी पोचा, तीन रात्री जुन्या शहरात, मग चार रात्री इस्ला वेर्देच्या वाळूवर. क्रम उलटा करू नका. किल्ला टॅक्सीच्या अंतरावर आहे हे कळल्यावर बाबा वाळूत स्वस्थ पडून राहणार नाहीत. आधी किल्ले होऊन गेले की मग तेही आरामखुर्चीत टेकतील. जुन्या शहरात काये देल क्रिस्तो या गल्लीत कॅथेड्रलच्या समोर एल कोन्वेन्तो आहे, १६५१ मध्ये बांधून पूर्ण झालेला कार्मेलाइट पंथाच्या ख्रिस्ती जोगिणींचा मठ, १९६२ पासून हॉटेल. जाड भिंती, मधे मोठा चौक, कमानींच्या ओवऱ्या. बाबांना या जागेत झोपण्याचं जे अप्रूप वाटेल ते काचेच्या विसाव्या मजल्यावर वाटायचं नाही. खोली मागताना लिफ्टजवळची, रस्त्याकडे तोंड नसलेली मागा. आठवड्याच्या शेवटी सान सेबास्तियान गल्लीत रात्री उशिरापर्यंत गाणं-बजावणं चालतं. आणि एक माझं मत : जुन्या शहरात अल्पमुदतीच्या भाड्याचा फ्लॅट घेऊ नका, हॉटेलच घ्या. तिथे अजून लोक राहतात, पोरं शाळेत जातात, आणि घरं एकामागून एक पर्यटकांकडे गेल्याने भाडी परवडेनाशी झाल्याची त्यांची तक्रार रास्त आहे.

सामान दोनदा बांधायचं जिवावर येत असेल तर मधला मार्गही आहे. कारिबे हिल्टन, १९४९ चं, जुनं शहर आणि कोंदादो यांच्या मधोमध. त्याच्यापुढे खडकांनी अडवलेली छोटीशी शांत खाडी आहे आणि जवळच एस्काम्ब्रोनचा सार्वजनिक किनारा, जिथे खडकांच्या आडोशाला मासे बघत पोहता येतं. डोराडोला रॉकफेलरांच्या जुन्या इस्टेटीवर अतिशय महागडं रिसॉर्ट आहे, त्याची जाहिरात तुमच्यापुढे येईलच. ते शहरापासून लांब आहे. तुम्हाला नको.

कुठेही उतरलात तरी ध्यानात ठेवा, पोर्तो रिकोतले सगळे किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. हॉटेल तुम्हाला छत्री, खुर्ची, टॉवेल आणि हातात आणून दिलेलं शहाळं देतं, वाळू सगळ्यांची. शनिवार-रविवारी स्थानिक कुटुंबं खाण्यापिण्याच्या मोठमोठ्या पेट्या आणि स्पीकर घेऊन येतात. आईला बघायला आवडेल, तिला माणसं आवडत असतील तर. लाल बावटा असेल त्या दिवशी मुलाला हॉटेलच्या तलावात सोडा, समुद्रात घोट्याच्या वर नाही.

आता बाबांकडे येऊ. सान फेलिपे देल मोरो, म्हणजे एल मोरो, हा किल्ला खाडीच्या तोंडावरच्या सुळक्यावर आहे. काम १५३९ मध्ये सुरू झालं आणि पुढे अडीचशे वर्षं त्यात भर पडत गेली. समुद्रापासून वर सहा टप्पे. शहराच्या जमिनीकडच्या बाजूला सान क्रिस्तोबाल आहे, स्पॅनिशांनी अमेरिका खंडांत बांधलेला सर्वांत मोठा किल्ला. दोन्ही किल्ले, तटबंदी आणि गव्हर्नरांचा वाडा ला फोर्तालेसा हे १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बाबांना निघण्यापूर्वी एवढं सांगून ठेवा की १५८० नंतर पोर्तुगालची गादीही स्पेनच्या फेलिपे दुसऱ्याकडे आली, म्हणजे ज्याच्या नावाने एल मोरो उभा आहे तोच राजा त्या वेळी वसई, चौल आणि गोव्याचाही धनी होता. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून कोर्लई घेतला आणि पुढच्याच वर्षी इंग्रज दर्यावर्दी ड्रेकची जहाजं सान हुआनवर चालून गेली व तोफा खाऊन परतली. १५९८ मध्ये इंग्रजांच्याच अर्ल ऑफ कंबरलंडने किल्ला घेतला खरा, पण हगवणीने त्याची माणसं पटापट मरू लागली आणि त्याला काढता पाय घ्यावा लागला. १६२५ मध्ये डचांनी शहर जाळलं, किल्ला मात्र पडला नाही. वसईच्या वेढ्याच्या गोष्टी ज्याने वर्गात रंगवून सांगितल्या त्या माणसाला या तटावर उभं राहून काय वाटेल, ते मला इथून दिसतंय. त्यांना वाटाड्या नेमून देऊ नका. त्यांनाच तुमचे वाटाडे करा. नातवाला किल्ला आजोबांनी दाखवायचा.

सकाळी दार उघडताच आत जा. शहराच्या गल्ल्या संपल्या की किल्ल्याच्या दरवाजापर्यंत मोठं हिरवं मैदान आहे आणि त्यावर सावलीला झाड नाही. अकरानंतर ऊन मी म्हणत असतं. त्याच मैदानावर वारा इतका भरून येतो की लोक तिथे पतंग उडवतात. दोर ढील देताच पतंग सरळ वर खेचला जातो. रस्त्यावरच्या टपरीवर पतंग मिळतो, मुलाला आणि आजोबांना एकेक घ्या. आईने आतल्या मुख्य चौकापर्यंत जावं, तटावरून खाडी बघावी आणि खालच्या टप्प्यांचे उतार-जिने बाकीच्यांना सोडून द्यावेत. ती एकटी मागे राहिली असं होऊ नये म्हणून तुमच्यापैकी एकाने तिच्यासोबत बसायचं. एकाच तिकिटावर दोन्ही किल्ले बघता येतात (त्याची मुदत दारात विचारून घ्या), पण एकाच सकाळी दोन्ही उरकू नका. क्रिस्तोबाल दुसऱ्या दिवशी. बंदराला मोठी क्रूझ जहाजं लागली की गल्ल्या तुडुंब भरतात. हिवाळ्याच्या मानाने मेमध्ये ती कमी असतात, तरी बंदराचं वेळापत्रक पाहून त्या दिवशीची सकाळ हॉटेलात काढा.

संध्याकाळी आईला पासेओ दे ला प्रिन्सेसावर न्या. तटाच्या पायथ्याशी पाण्याच्या कडेने जाणारी सपाट वाट, बसायला बाकं, आणि शेवटी शहराचा जुना लाल दरवाजा. तिच्यासाठी किल्ला म्हणजे हाच.

एखादा दिवस एल युन्केच्या जंगलाला द्या, गाडीने तासाभराच्या अंतरावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांतलं हे एकमेव उष्णकटिबंधीय पर्जन्यवन. ला कोका धबधबा गाडीरस्त्यावरूनच दिसतो, त्यामुळे आईला चालावं लागत नाही. रात्री ओल्या झाडीतून ‘को-की, को-की’ असा बारीक, घासून पुसून काढल्यासारखा स्पष्ट आवाज येईल. तो अंगठ्याएवढ्या बेडकाचा आहे, पक्ष्याचा नाही. फाहार्दोला रात्री चमकणारं पाणी दाखवायला कायाकने नेतात, वल्हं मारलं की पाण्यातले सूक्ष्मजीव उजळतात. ते तुम्ही दोघं आणि मुलगा, एवढ्यांनीच करा. कालनिर्णय बघून अमावास्येच्या आसपासची रात्र धरा, चांदण्यात ते नीट दिसत नाही.

जेवणाचं सांगते, कारण आई उपाशी राहिली तर तुमचं पंचतारांकित हॉटेल तिला काय कामाचं? तिथलं राष्ट्रीय म्हणावं असं जेवण म्हणजे गांदुलेस घातलेला भात. गांदुलेस म्हणजे आपले हिरव्या तुरीचे दाणे. पानात बघून आईला ओळख पटेल, पण हा भात आणि राजम्यासारख्या दाण्यांची उसळ दोन्हींत बहुधा डुकराचं मांस पडतं, आणि मोफोंगो या कुटलेल्या कच्च्या केळ्यांच्या गोळ्यातही. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांस, कोंबडी, हॅम, मासे नकोत) असं स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून ठेवा, आणि कोंबडीचं पाणी घालत नाहीत ना हे वेगळं विचारा. बिनधास्त खाण्यासारखं पुष्कळ आहे : कच्च्या केळ्यांचे चपटे तळलेले तोस्तोनेस, नीरफणसाचे तसलेच काप, पेरूची वडी आणि पांढरं चीज, आणि तेंब्लेके. हा नारळाच्या दुधाचा, कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेला, वर दालचिनी भुरभुरलेला गोड पदार्थ. त्यात अंडं नसतं. मांस तळलेल्याच तेलातलं तळण चालणार नसेल तर मात्र हॉटेलच्या स्वयंपाकघराशी बुकिंगच्या वेळीच बोला, चांगली हॉटेलं ऐकतात. तरी विजेची छोटी किटली, चहा-साखर, मेतकूट आणि भाजणीच्या थालीपिठांचा डबा घरून न्या. सकाळी सहाला स्वतःच्या हातचा चहा मिळणं हीसुद्धा आईची चैनच आहे.

राहिला पैशाचा प्रश्न. कोणतंही हॉटेल घेताना सगळं धरून शेवटचा आकडा विचारा : हॉटेलात कॅसिनो नसेल तर खोलीवर ९ टक्के कर, असेल तर ११ टक्के, वर बहुतेक ठिकाणी रोजची रिसॉर्ट फी. कानकुनच्या हॉटेलांसारखं राहणं-जेवण सगळं एकाच पैशात इथे फारसं मिळत नाही, जेवणाचा खर्च वेगळा. दुकानातल्या खरेदीवर ११.५ टक्के विक्रीकर पडतो, आणि टिप न्यू जर्सीसारखीच.

बाबांशी खोटं बोलू नका. कमी आकडा सांगाल आणि तो रिसेप्शनच्या टेबलावर उघडा पडेल, मग उरलेले दिवस ते प्रत्येक नाश्त्याचे रुपये करत बसतील. निघण्याआधी महिनाभर त्यांना एकदाच, शांतपणे, खरी रक्कम सांगा, आणि यासाठी तुम्ही पैसे बाजूला काढले असतील, कर्ज काढलं नसेल, तर तेही सांगा. ते चिडतील, ‘कशाला हे?’ म्हणतील. म्हणू द्या. खोल्या, विमान, जंगलाची गाडी सगळ्याचे पैसे आधी भरून टाका, म्हणजे तिथे त्यांच्यासमोर पाकीट निघणार नाही. आणि एक खर्च त्यांना करू द्या, अडवू नका : शेवटच्या रात्रीचं आईसोबतचं जेवण त्यांच्या पैशाने. चाळीस वर्षं घर चालवलेल्या माणसाला सगळंच फुकट घेणं जड जातं.

तुम्ही आणि तुमचे यजमान त्या रात्री मुलाला घेऊन दुसरीकडे जेवा.

परतताना विमानतळावर तासभर जास्त ठेवा. चेक-इनच्या आधी शेतीखात्याची सामानाची तपासणी असते आणि ताजी फळं बरीचशी काढून घेतात, तेव्हा आईला आंबे बॅगेत भरू देऊ नका, तिथेच पोटभर खाऊ द्या. आई-बाबांना लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या माझ्याकडून शुभेच्छा सांगा.